हातांत न येणारें मांजर

गेल्या श्रावणांत आमच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी मधल्या सुटींत रडवेल्या चेहऱ्यानें आमच्याकडे आली. घरच्या मांजरानें तिच्या धाकट्या भावाचा हात ओरबाडला होता, आणि वडिलांनीं तें येत्या रविवारीं पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडून येण्याचें ठरविलें होतें. मांजराचा मूळ अपराध काय, असें विचारतां ती म्हणाली, "तें उचलूनच घेऊं देत नाहीं, सर." आम्ही तिच्याबरोबर वडिलांस चिठ्ठी पाठवून दोन महिन्यांची मुदत मागितली. त्या मुदतींत तिला जें सांगितलें, तें इतरांच्याहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

प्रथम मांजराच्या बाजूनें पाहूं. मांजर उंदरांचा काळ खरा, परंतु तें स्वतःहि लहान जनावर असून मोठ्या जनावरांच्या तोंडीं सांपडूं शकतें. वरून एकाएकीं येऊन अंगाला विळखा घालणारी वस्तु म्हणजे त्याच्या लेखीं झडपच. पाय जमिनीवर असेपर्यंत त्याला पळतां येतें. ते सुटले कीं नखें आणि दांत एवढेंच उरतें. 'मांजराची जात कृतघ्न' असें आपल्याकडे सर्रास बोलतात, तें आम्हांस पटत नाहीं. भ्यालेल्याला कृतघ्न म्हणणें न्यायाचें नव्हे.

शिवाय आपली उचलण्याची रीतहि चुकते. मांजराचे पुढचे पाय धडाशीं केवळ स्नायूंनीं बांधलेले असतात. आपल्या हांसडीसारखें दोन्ही टोकांस जोडलेलें हाड त्याला नाहीं, असतें तें लहानसें आणि मांसांत मोकळें. मुलें बगलांत हात घालून त्याला उचलतात, तेव्हां मागचें सारें अंग अधांतरीं लोंबतें. कित्येक मोठीं माणसें मानेची चामडी धरतात आणि "आई नाहीं का धरीत?" असें विचारतात. आई धरते तें काहीं आठवड्यांचें पिलूं. तीनचार किलो वजनाच्या बोक्याचा सारा भार चामडीवर टाकणें ही निराळी गोष्ट आहे.

बालपणाचाहि प्रश्न येतो. दुसऱ्या आठवड्यापासून सुमारें सातव्या आठवड्यापर्यंत पिलाला माणसाच्या हाताची जी ओळख होते, ती जन्मभर टिकते. अमेरिकेंतील टेंपल विद्यापीठांत आयलीन कार्श यांनीं १९८० नंतरच्या दशकांत असें दाखविलें कीं, रोज ४० मिनिटें हाताळलेलीं पिलें रोज १५ मिनिटें हाताळलेल्या पिलांपेक्षां माणसाजवळ लवकर येतात. आमच्या विद्यार्थिनीचें मांजर मोठें झाल्यावर पावसांत भिजत दाराशीं आलेलें होतें. तो काळ त्याचा निघून गेला होता. म्हणून धीर अधिक लागणार, इतकेंच.

आतां शिकवण्याविषयीं. १८९८ सालीं एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेलें मांजर पेटींत कोंडून ते बाहेर खाद्य ठेवीत. आंतली दोरी ओढली किंवा खिटी फिरविली कीं दार उघडे. पहिल्या खेपेस मांजर वाटेल तसें धडपडे, पुढें पुढें सुटकेचा वेळ कमी होत जाई. विशेष हें कीं, मांजराचा पंजा आपल्या हातांत धरून ती क्रिया करवून घेतली, तर तें त्यापासून शिकत नाहीं, असें त्यांस दिसून आलें. (पाटीवर मुलांचे हात दाबून अक्षरें गिरवून घेण्याच्या आमच्या पहिल्या वर्षाची आम्हांस येथें आठवण होते. असो.)

तेव्हां मुलीला आम्हीं सांगितलें कीं, पहिला आठवडा मांजराला उचलूंच नको. जमिनीवर बैस, बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धर, आणि तें आपण होऊन गाल घाशील तेव्हांच हनुवटीखालीं व गालांवर खाजव. पोट आणि शेपटीचें मूळ वर्ज्य. त्याच्याकडे टक लावून पाहूं नको. सावकाश डोळे मिटावे व उघडावे. मांजराकडे असें पाहिलें तर तें अधिक सहज जवळ येतें, असें २०२० सालीं इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलें आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून एक हात छातीखालीं टेकवावा आणि लगेच उकडलेल्या बिनमिठाच्या मासळीचा कण द्यावा. तें अंगवळणीं पडलें कीं दुसरा हात मागच्या अंगाखालीं. मग "वर" असा शब्द उच्चारून बोटभर उचलावें, खालीं ठेवावें, कण द्यावा. पुढें वीतभर, त्यानंतर आपल्या छातीशीं टेकवून. दिवसांतून दोन वेळां, दोन दोन मिनिटें पुरेत. सर्वांत महत्त्वाचें, तें धडपडण्यापूर्वींच खालीं ठेवावें. शेपटी आपटूं लागली, कान मागें गेले किंवा पाठीची कातडी थरथरली कीं समजावें, आजचा पाठ संपला. हात आवळणें म्हणजे आठवडाभराची कमाई घालविणें होय.

पालकांसाठीं दोन गोष्टी. पूर्वीं सुखानें मांडीवर येणारें मांजर एकाएकीं हात लावूं देईनासें झालें, तर बहुधा त्याला कोठें तरी दुखत असतें. त्यास पशुवैद्याकडे न्यावें. आणि ओरखडा वा चावा मुळींच हंसण्यावारी नेऊं नये. जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावी. पिसाळण्याचा रोग मांजरापासूनहि होतो, आणि त्याचीं लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी क्वचितच वांचतो. हळद भरून बसणें येथें कामाचें नाहीं. त्या धाकट्या मुलाला आम्हीं त्याच दिवशीं दवाखान्यांत पाठवून लस टोचविली.

दिवाळीच्या सुटीनंतर मुलगी सांगत आली कीं, मांजर आतां दहा अंक मोजेपर्यंत तिच्या कडेवर राहतें. भावाला दुरून वळसा घालतें, पण नखें काढीत नाहीं. पोत्याचा विषय घरांत निघालेला नाहीं. परवां तिचे वडील शाळेंत भेटले आणि थोडेसे संकोचून म्हणाले, "सर, सगळ्यांना चालतें, मलाच तेवढें टाळतें." कसें उचलतां, असें विचारतां त्यांनीं उभ्यानेंच वांकून दोन्ही हातांनीं करून दाखविलें. आम्हीं त्यांस जमिनीवर बसावयास सांगितलें आहे.