चौदा वर्षांखालच्या गटातला सोळा वर्षांचा मुलगा

शालेय फुटबॉलमधल्या अन्यायाचा विषय निघाला की बोलणे पंचांवर, ड्रॉवर किंवा मैदानातल्या खड्ड्यांवर येते. या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांतले नुकसान बहुधा एका सामन्यापुरते असते. वयचोरीचे तसे नाही. शालेय मैदानाच्या जवळ राहून माझे मत असे झाले आहे की चौदा वर्षांखालील गटात सोळा वर्षांचा मुलगा उतरवला जातो, तेव्हा सर्वांत मोठे नुकसान हरलेल्या संघाचे होत नसते. ते होते खऱ्या वयाच्या, अंगाने उशिरा भरणाऱ्या मुलाचे. आणि हा मुलगा कुठल्याच निकालपत्रकात दिसत नाही. म्हणूनच अंतिम सामन्यानंतर हरकत घेऊन हा प्रश्न सुटत नाही. शाळेने खेळाडूंची यादी पाठवण्याआधीच तो सोडवावा लागतो, आणि ते काम क्रीडाशिक्षकाचे, मुख्याध्यापकांचे आणि पालकांचे आहे.

‘एक-दोन वर्षांनी असा काय फरक पडतो?’ हे नेहमीचे उत्तर. या वयात फार पडतो. मुलांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी. त्या एका वर्षात नऊ-दहा सेंटिमीटर वाढणारी मुले असतात, आणि वजन व ताकद त्यामागून येते. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या चौदा वर्षांच्या दोन मुलांपैकी एकाची हाडे बारा वर्षांच्या मुलासारखी आणि दुसऱ्याची सोळा वर्षांच्या मुलासारखी असू शकतात, तीही दोघांच्या जन्मतारखा अगदी खऱ्या असताना. युरोपातल्या कुमार फुटबॉलचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली आहे : निवडलेल्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुले जास्त आणि शेवटच्या महिन्यांत जन्मलेली कमी असतात. म्हणजे अकरा महिन्यांचा प्रामाणिक फरकही निवड झुकवतो. इंग्लंडच्या प्रीमिअर लीगने २०१५च्या सुमारास अकादमींतल्या मुलांचे सामने जन्मवर्षाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून घेऊन पाहिले. बेल्जियमच्या महासंघाने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे संघच उभे केले. तिकडे निसर्गाने पाडलेला फरक कमी करण्याचा विचार चालतो. आपण त्याच फरकावर खोट्या कागदाची दोन वर्षे चढवतो. मग प्रशिक्षकाचा खेळही तसाच होतो : मागून लांब चेंडू, पुढे एक धिप्पाड मुलगा, आणि कॉर्नरवर डोक्यांची गर्दी. चेंडू पायाशी ठेवणारा, चटकन पास देणारा लहानखुरा मुलगा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसतो, नववीत क्लास लागले की मैदान सोडतो. त्याला कुणी काढलेले नसते, त्यामुळे त्याची तक्रारही कुठे नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. गरिबांच्या, स्थलांतरित मजुरांच्या घरांत जन्मतारीख नेमकी ठाऊक नसते; मग सगळ्यांनाच लबाड कसे म्हणायचे? महाराष्ट्रात एका पिढीच्या असंख्य माणसांचा वाढदिवस एक जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने तीच तारीख लिहिली. या अंदाजाला चोरी म्हणणे अन्यायाचे होईल. पण अज्ञान आणि लबाडी यांत ओळखता येण्याजोगा भेद आहे. अज्ञानातून लिहिलेली तारीख पहिलीच्या प्रवेशाला येते आणि मग बदलत नाही. लबाडीची तारीख दुसऱ्यांदा जन्म घेते : मुलगा सातवी-आठवीत शाळा बदलतो, कधी एक-दोन इयत्ता खाली येऊन बसतो, आणि त्याच्या फाइलीत नवा जन्मदाखला येतो. म्हणून क्रीडाशिक्षकांना माझे सांगणे असे, की दाखल्यावर जन्माच्या तारखेइतकीच नोंदणीची तारीख बघा. जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यायची असा नियम आहे. वर्षानंतरची नोंद अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. तेरा वर्षांच्या मुलाची नोंद गेल्या वर्षी झाली असेल, तर पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागवा आणि तो सरल प्रणालीतल्या नोंदीशी ताडून पाहा. कायद्यातल्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच तारखेचा पुरावा ठरला आहे. पण ती मुले चौदा वर्षांची होतील २०३७ साली. तोवर रजिस्टर उघडण्याला पर्याय नाही.

‘हाडांची चाचणी करा, मिटले,’ असेही म्हटले जाते. चाचणी मला हवी आहे, पण तिच्यावर सगळा भार टाकणे चुकीचे आहे. भारतीय क्रिकेट मंडळ २०१२ पासून डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय ठरवते. फिफाने २००९च्या नायजेरियातल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाची एमआरआय सुरू केली. मनगटाजवळची वाढीची जागा पूर्ण जुळलेली दिसली तर मुलगा सतरा वर्षांखालचा असण्याची शक्यता अगदी कमी. परंतु ती सतराच्या आसपासची कसोटी आहे, चौदाच्या गटात तिचा उपयोग नाही. एक्स-रे शरीराची पक्वता सांगतो, जन्मदिवस सांगत नाही. दोन वर्षे चोरलेला पण उशिरा वाढणारा मुलगा त्यातून सुटू शकतो आणि लवकर वाढलेला प्रामाणिक मुलगा अडकू शकतो. शिवाय तालुक्याच्या स्पर्धेत प्रत्येक मुलाचा एक्स-रे कोण काढणार? कागद नीट तपासलेला असेल आणि तरीही शंका उरली असेल, तेव्हाच चाचणीला अर्थ येतो.

वयचोरी मुलगा करत नाही, मोठी माणसे करतात. शाळेला ढाल हवी असते, घराला दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण हवे असतात, आणि पुढे शासकीय नोकरीतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण दिसत असते. ही ओढ मला समजते. पण ज्याच्यासाठी हे केले, त्याच्या पदरात काय पडते? तो लहानांना अंगाने ढकलून जिंकायला शिकतो, आणि खुल्या गटात समोर त्याच्याच अंगाचे खेळाडू आले की त्याच्या पायात काही उरलेले नसते. राहुल द्रविड यांनी २०१५च्या पतौडी स्मृती व्याख्यानात या प्रश्नाकडे क्रिकेटला लागलेली कीड म्हणून पाहिले होते : वय लपवणारा मुलगा पुढे जातो तो गुणामुळे नव्हे तर ताकदीमुळे, आणि खऱ्या वयाचा मागे पडतो. फुटबॉलला हे अधिकच लागू आहे, कारण इथे अंगाला अंग भिडते. ‘दोन वर्षे कमी करून घेऊ, मग निवड नक्की,’ असे कुणी सुचवले तर पालकांनी ध्यानात ठेवावे, की खोटी तारीख मैदानावरच राहत नाही. ती दहावीच्या प्रमाणपत्रात, पासपोर्टात आणि नोकरीच्या कागदांत शिरते, आणि तिथे ती उघडी पडली तर प्रशिक्षक सोबत उभा नसतो.

राहिले ते ‘सगळेच करतात, आपणच का मागे राहायचे?’ आणि ‘तक्रार केली तर त्या पोराचे आयुष्य बरबाद होईल.’ पहिल्याचे उत्तर दोन शाळा मिळूनही देऊ शकतात. सामन्याआधी एकमेकांना खेळाडूंच्या याद्या जन्म आणि नोंदणीच्या तारखांसह द्याव्यात. जो संघ यादी देत नाही त्याच्याशी मैत्रीपूर्ण सामनेही ठेवू नयेत. दुसरी भीती मला खरी वाटते. हरल्यावर रागाने केलेल्या हरकतीत मोठी माणसे एका मुलाला भर मैदानात उभे करून त्याचे वय विचारतात, ते क्रूर आहे. हरकत लेखी असावी, सामन्याआधी असावी आणि शाळेविरुद्ध असावी. क्रिकेट मंडळाने २०२० साली खरे वय स्वतःहून सांगणाऱ्याला शिक्षा नाही आणि लपवून पकडल्या गेलेल्याला दोन वर्षे बंदी अशी योजना आणली होती. जिल्हा पातळीवरच्या शालेय फुटबॉललाही तशी मुदत देता येईल. त्या मुदतीत पुढे आलेल्या मुलाला त्याच हंगामात त्याच्या खऱ्या वयोगटात खेळू द्यावे. मुदतीनंतर खोटी यादी सापडली, तर कारवाई त्या यादीवर सही करणाऱ्या प्रशिक्षकावर आणि मुख्याध्यापकांवर व्हावी.