बोलणाऱ्याची नियत आणि ऐकणाऱ्याचे मन

रमजानचे अखेरचे दहा दिवस होते. प्रेषित मुहम्मद (स.) मस्जिदे नबवीत एतेकाफला बसले होते. त्यांच्या पत्नी ह. सफिय्या (रजि.) रात्री भेटायला आल्या आणि काही वेळ बोलत बसल्या. त्या परत निघाल्या तेव्हा त्यांना पोहोचवण्यासाठी प्रेषित (स.) उठून दारापर्यंत आले. तेवढ्यात दोन अन्सारी सहाबी तेथून गेले. त्यांनी सलाम केला आणि पावले भरभर उचलली. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले आणि या सफिय्या बिन्ते हुयय आहेत, असे सांगितले. ते दोघे ओशाळले. अल्लाहच्या प्रेषितांविषयी आम्ही काही भलते मनात आणू शकतो काय, असा त्यांचा सूर होता. तेव्हा प्रेषितांनी (स.) कारणही सांगितले. शैतान माणसाच्या शरीरात रक्तासारखा फिरतो, त्याने तुमच्या मनात काही टाकू नये, अशी त्यांना काळजी वाटली होती. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

वाचकहो, ज्यांच्या चारित्र्याची ग्वाही खुद्द कुरआन देतो, त्यांना खुलासा करण्याची काय गरज होती? अंधारात डोळ्यांना दिसते ते एवढेच: एक पुरुष आणि एक स्त्री. उरलेले चित्र मन पुरे करते, आणि प्रत्येकाचे मन आपापल्या रंगाने पुरे करते. प्रेषितांनी (स.) ती मोकळी जागा समोरच्याच्या मनावर सोडली नाही, स्वतः भरून दिली. आपण मात्र ‘माझे मन साफ आहे, लोकांना काय समजायचे ते समजोत’ असे मोठ्या अभिमानाने म्हणतो. ही सुन्नत नव्हे.

दुसरे उदाहरण सूरह बकरातील १०४ व्या आयतीचे. प्रेषितांच्या (स.) सभेत एखादी गोष्ट नीट ऐकू आली नाही, तर सहाबा ‘राइना’ म्हणत, म्हणजे आमच्याकडे लक्ष द्यावे. शब्द चांगला होता आणि हेतूही निर्मळ होता. परंतु मदीनेतील काही विरोधक तोच शब्द जिभेला किंचित वळण देऊन उच्चारीत आणि त्यातून निंदेचा अर्थ काढीत. श्रद्धावंतांना आज्ञा झाली की हा शब्दच सोडा आणि त्याऐवजी ‘उन्ज़ुरना’ म्हणा. येथे खोड काढणारे दुसरेच होते, तरीही बोलण्याची पद्धत बदलण्याची सूचना श्रद्धावंतांना झाली. आपल्या शब्दाचा समोरच्याच्या कानात काय अर्थ होईल, हे पाहणे बोलणाऱ्याच्या जबाबदारीत येते, हे या आयतीतून स्पष्ट होते.

आता आपल्या कोल्हापूरकडे वळू. जून २०२३ मध्ये, शिवराज्याभिषेक दिनाच्या सुमारास, येथील काही तरुणांनी व्हॉट्सॲपवर ठेवलेल्या स्टेटसवरून शहर पेटले. ७ जूनला बंद पुकारला गेला, शिवाजी चौकात जमाव जमला, मुस्लिम वस्त्यांवर आणि दुकानांवर दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला, अश्रुधूर सोडावा लागला, इंटरनेट बंद करावे लागले. ज्यांचा त्या स्टेटसशी काडीचाही संबंध नव्हता, अशा हातगाडीवाल्यांचे आणि दुकानदारांचे नुकसान झाले. एकाच्या कृत्याचा भार दुसऱ्यावर टाकणे हा जुलूम आहे. कोणीही कोणाचे ओझे वाहणार नाही, हे कुरआनने अनेक ठिकाणी बजावले आहे. दगड मारणाऱ्यांना त्यांच्या कृत्याचा जाब द्यावाच लागेल, येथे किंवा परलोकात.

परंतु हे मासिक आपल्या घरांत वाचले जाते, म्हणून आपल्या घराविषयी बोलणे मला अधिक आवश्यक वाटते. स्टेटस ठेवणाऱ्या मुलाच्या मनात काय असते? बहुधा दोस्तांपुढे ऐट, थोडी चीड, थोडी खोडी. त्याला वाटते, आपण चार मित्रांशी बोलत आहोत. पाहणाऱ्याला मात्र तो मुलगा दिसत नाही, सबंध समाज दिसतो. ज्या मातीत शिवछत्रपती आणि ताराराणी घराघरांत आहेत, तेथे औरंगजेबाचे चित्र इतिहासाचे पान म्हणून पाहिले जात नाही, ते आव्हान म्हणून वाचले जाते. मुलाला हे ठाऊक नसेल, तर ते सांगणे आईवडिलांचे काम आहे. ठाऊक असूनही त्याने चित्र ठेवले असेल, तर प्रश्न अज्ञानाचा उरत नाही, नियतीचा होतो. शिवाय एखाद्या बादशहाची बाजू लावून धरणे हा आपल्या दीनचा भाग कधीपासून झाला, हेही एकदा विचारले पाहिजे.

ऐकणाऱ्यावरही तेवढेच बंधन आहे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत, एखाद्या अविश्वसनीय माणसाने बातमी आणली तर शहानिशा करा, नाहीतर नकळत एखाद्या लोकसमूहाला इजा पोहोचवाल आणि मागाहून पस्तावाल, असा आदेश आहे. भाष्यकारांनी तिची पार्श्वभूमी दिली आहे. वलीद बिन उक्बा यांना बनू मुस्तलिक टोळीकडे जकात आणण्यासाठी पाठवले गेले. टोळीचे लोक स्वागतासाठी सामोरे आले. त्या टोळीशी वलीद यांचे अज्ञानकाळातील जुने वैर होते. येणारा जमाव पाहून त्यांना वाटले, हे आपल्याला मारायला येत आहेत. ते वाटेतूनच परतले आणि त्यांनी जकात नाकारल्याची वार्ता सांगितली. लढाईची वेळ येऊन ठेपली होती. तपास झाल्यावर खरे काय ते उलगडले. लोक स्वागताला आले होते आणि जुन्या भीतीला त्यांच्यात हल्लेखोर दिसले. मोबाईलवर येणाऱ्या चित्रफिती पाहताना आपलेही असेच होते. शेजारच्या गल्लीत दहा माणसे जमली की आपण लगेच ‘आपल्या’ ग्रुपवर संदेश पुढे धाडतो. हाही त्याच आयतीचा भंग आहे, मग धाडणारा कितीही नमाजी असो.

एक गोष्ट मात्र आपण आजच करू शकतो. दिवसातून पाच वेळा आपल्या मशिदींतून अजान होते. शेजाऱ्याला त्यातील एक शब्द ओळखीचा वाटतो, ‘अकबर’, आणि बादशहाचा जयजयकार चालला आहे असा समज पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. दोष त्याचा किती आणि आपला किती? अल्लाहने प्रत्येक प्रेषित त्याच्या लोकांच्या भाषेत बोलणारा पाठवला, असे सूरह इब्राहीमची चौथी आयत सांगते. ज्या राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या मुलांसाठी मुस्लिम बोर्डिंगचा पाया घातला, त्यांनीच कुरआन मराठीत यावा म्हणून दरबारातून खर्चाची तरतूद केली होती. मुसलमान नसलेल्या राजाला जे सुचले, ते आपल्याला इतक्या उशिरा सुचावे, याची थोडी लाज वाटली पाहिजे. आता मराठीतील भाषांतरे सहज मिळतात, आणि काही गावांत ‘मशीद परिचय’ कार्यक्रमात शेजाऱ्यांना बोलावून अजान आणि नमाजचा अर्थ सांगितला जातो.

आपल्या घरी आज मगरिबनंतर मुलांना जवळ घ्या आणि अजानच्या प्रत्येक वाक्याचा मराठीत अर्थ विचारा. बहुतेक घरांत मुलेच नव्हेत, मोठेही दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यावर अडखळतील. तेथूनच सुरुवात करा. अर्थ नीट बसला की रविवारी शेजारच्या काकांना चहाला बोलवा आणि तो अर्थ मुलालाच त्यांना सांगू द्या.