रुपे : अर्थ, उपयोग व उगम

पवित्र शास्त्रात 'रुपे' हा शब्द आपण वारंवार वाचतो. तो संस्कृत 'रूप्य' या शब्दापासून आला असून 'रुपया' हाही त्याच कुळातला आहे. इब्री भाषेत 'केसेफ' या एकाच शब्दाचे रुपे आणि पैसा असे दोन्ही अर्थ होतात. नाणी पाडली जाण्यापूर्वी रुपे तोलूनच व्यवहार होत. अब्राहामाने मकपेलाचे शेत ४०० शेकेल रुपे तोलून देऊन घेतले (उत्पत्ती २३:१६).

सर्व धातूंत रुपे हे विजेचे व उष्णतेचे सर्वोत्तम वाहक होय. म्हणून दागिने व भांडी यांखेरीज विद्युत उपकरणांतही त्याचा उपयोग होतो. प्राचीन काळी ते बहुधा शिशाच्या खनिजातून काढीत. भट्टीत भात्याने वारा घातला म्हणजे शिसे जळे, त्याबरोबर हीण निघून जाई व शुद्ध रुपे मागे राही. शिसे जळूनही हीण निघाले नाही, तर ते रुपे टाकाऊ ठरे. यिर्मया संदेष्ट्याने आपल्या लोकांस हेच नाव दिले (यिर्मया ६:२९-३०).

ज्या रुप्याने शेत घेतले, त्याच रुप्याने माणसेही विकली गेली. योसेफाचे मोल २० ठरले, बैलाने मारलेल्या दासाचे ३० (निर्गम २१:३२), आणि यहूदाने प्रभूबद्दल घेतले तेही ३०च. आपली मुक्तता मात्र रुप्याने झालेली नाही, अशी आठवण पेत्र देतो (१ पेत्र १:१८-१९). तेव्हा हाती आलेल्या रुप्याने आपण काय घेतो, आणि त्यासाठी कोणाला विकतो, हे प्रत्येकाने तपासून पाहावे.