परत आलेले बेचाळीस कॅरेट

आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुडीहत्नूरच्या अलीकडे, हायवेला लागून आमचं वावर. कापूस, तूर आणि विहिरीच्या पाण्यावर एकरभर टोमॅटो. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो. घरातला आठवड्याचा खर्च टोमॅटोवर चालतो. त्यामुळे एका मोठ्या दुकान-साखळीचा माणूस बांधावर आला आणि "कॅरेट आमचे, काटा आमचा, पैसे थेट खात्यात" म्हणाला, तेव्हा मला हायसं वाटलं. अडत आणि हमाली वाचणार होती.

तीन आठवडे त्यानं शब्द पाळला. मी मात्र अडत्याकडे जाणं बंद केलं. माझी चूक तिथेच झाली.

चौथ्या आठवड्यात त्यांच्या काट्यावर साठ कॅरेट नेले, त्यातले बेचाळीस त्यांनी परत केले. तिथला मुलगा कॅरेटमधली वरची चार-पाच फळं उचलायचा, देठाजवळ अंगठ्यानं दाबायचा. एखाद्यावर बारीक चीर दिसली की सगळं कॅरेट बाजूला. मागच्या आठवड्यात तशीच फळं त्यानंच घेतली होती. त्या दिवशी बाजार पडला होता, एवढाच फरक. नाकारल्याचं कारण लिहून द्या म्हटलं, तर "क्वालिटी नाही" इतकंच तोंडी उत्तर.

कापूस घरात थप्पी लावून ठेवता येतो. टोमॅटोचा रंग फिरला की तो थोडेच दिवस टिकतो, आणि हे घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. मी दुपारी आदिलाबादला पोचलो तोवर सकाळचा लिलाव उरकला होता. ज्या अडत्याला महिनाभर तोंड दाखवलं नव्हतं, त्यानंच थोडे घेतले, मिळेल त्या भावानं. गाडीभाडंही सुटलं नाही. उरलेला माल गुरांपुढे टाकला. आईनं त्यातून दोन टोपल्या निवडून चिरल्या आणि वाळत घातल्या.

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासात ग्राहकाच्या रुपयातले सुमारे ३३ पैसे टोमॅटो पिकवणाऱ्याला मिळतात असं दिसलं. परत आलेल्या मालाचं भाडं आम्ही त्याच ३३ पैशांतून भरतो.

म्हणून बांधवांनो, पहिली गाडी भरण्याआधीच लिहून घ्या: फळ किती मोठं, रंग कुठवर फिरलेला, कोणता डाग चालेल, परतीचं भाडं कोणाचं, पैसे किती दिवसांत. कागदावर सही देत नसतील तर निदान व्हॉट्सॲपवर मागा. आणि एका घेणाऱ्याला अर्ध्याहून जास्त माल कधीच देऊ नका. अडत्याशी नातं ठेवा, जवळच्या रैतू बाजाराचं, म्हणजे शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकतो त्या बाजाराचं, ओळखपत्र काढून ठेवा. गाडी पहाटेच काढा, म्हणजे परत आलेला माल लिलाव संपण्याआधी दुसरीकडे नेता येतो.

युरोपीय संघानं २०१९ मध्ये नियमच केला: नाशवंत मालाची ऑर्डर तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीत रद्द करायची नाही, पैसेही तीस दिवसांच्या आत द्यायचे. आपल्याकडेही असा नियम हवा, आणि तो आपणच मागायला हवा.

गेल्या महिन्यात काट्यावरच्या त्या मुलानं पुन्हा अकरा कॅरेट बाजूला काढले. या वेळी अटी मी आधीच व्हॉट्सॲपवर मागून घेतल्या होत्या; मोबाईलवरचा तो मेसेज पुढे धरला. त्यानं वर फोन लावला, थोडा वेळ बोलला आणि सात कॅरेट काट्यावर चढवले. उरलेले चार घेऊन मी नऊच्या आत अडत्याकडे पोचलो.