जुनी बॅट, जुनी हॉकी आणि खराद



येत्या सुट्टीत शाळेची खेळाच्या सामानाची खोली रिकामी करायची आहे. तिथे तुटक्या बॅटी, फुटक्या हॉकी आणि एकेकटे उरलेले स्टंप पुष्कळ आहेत. हे सगळे भंगारात द्यावे की होळीत टाकावे, एवढाच प्रश्न आजवर विचारला गेला. पण तुटलेली वस्तू खेळायला निरुपयोगी झाली म्हणून तिचे लाकूड निरुपयोगी होत नाही. कार्यानुभवाच्या तासासाठी हा पाठ त्याविषयीच आहे.

आपल्या ग्वाल्हेरात ज्याला 'खराद' म्हणतात, त्या कामाला मराठीत 'कातकाम' आणि कारागिराला 'कातारी' असे जुने शब्द आहेत. सूत कातणे आपल्याला माहीत असते, लाकूड कातणे मात्र विसरत चाललो आहोत. यात लाकूड दोन टोकांना धरून गोल फिरवतात आणि टेकूवर धरलेल्या पटाशीने ते सोलत जातात. आपल्या मध्यप्रदेशात सीहोर जिल्ह्यातील बुधनीची लाकडी खेळणी आणि कोकणात सावंतवाडीची खेळणी प्रसिद्ध आहेत. बुधनीच्या कामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते व रंग चढतो.

आधी लाकूड ओळखा

कोणत्या वस्तूपासून काय होईल, हे आपल्या हौसेवर नव्हे तर लाकडावर ठरते.

१) स्टंप : स्टंप मुळात खरादेवरच तयार होतो, म्हणजे तो आपल्या जन्मस्थानीच परत जातो. नियमाप्रमाणे त्याची उंची ७१.१ सेंटिमीटर आणि जाडी ३.५० ते ३.८१ सेंटिमीटर असते. एवढ्यात स्वयंपाकघरातले एक लाटणे आणि उरलेल्या तुकड्यातून एक-दोन लहान भोवरे निघू शकतात. खालचे टोक आधी कापून टाकावे, कारण तिथे लोखंडी टोपण असू शकते आणि मातीचे कण लाकडात रुतलेले असतात. त्यांनी पटाशीची धार जाते. लाटण्यासाठी जुना रंग पूर्ण काढून लाकूड कोरेच ठेवावे. पोळीला रंग लागता कामा नये.

२) हॉकी : लाकडी हॉकीसाठी तुतीचे लाकूड वापरत, हिंदीत ज्याला शहतूत म्हणतात. हे लाकूड चिवट असते, धक्का सोसते. म्हणून दांड्याच्या सरळ भागातून पटाशीची, कानशीची किंवा रवीची मूठ उत्तम होते. वाकलेल्या टोकाला मात्र हात लावू नये. ते लाकूड वाकवून केलेले असते, त्यामुळे त्याचे रेषेही वळलेले असतात. तिथून सरळ वस्तू कातली तर रेषे आडवे कापले जातात आणि वस्तू फटकन मोडते.

३) बॅट : पाते विलोच्या लाकडाचे असते. ते हलके व मऊ असते. चेंडूचा मार सोसावा म्हणून त्याचा पुढचा भाग दाबून घट्ट केलेला असतो. ऑक्टोबर २०१७ पासून नियमाने पात्याची जाडी ६.७ सेंटिमीटरपेक्षा अधिक असता येत नाही, आणि जुन्या बॅटी बहुधा त्याहून पुष्कळ पातळ असतात. म्हणून एका पात्यातून मोठी वस्तू होत नाही. पण दोन पात्यांचे सपाट भाग रंध्याने साफ करून, रेषे एकाच दिशेने ठेवून सरसाने जोडले, तर कुंकवाच्या करंड्याएवढा ठोकळा मिळतो. एकाच तुकड्यातून किल्ल्यांचा लटकन किंवा बुद्धिबळाची प्यादी होतील. विलो मऊ असल्याने पटाशी अगदी धारदार हवी, नाहीतर लाकूड कापले न जाता उपटले जाते. बॅटीची मूठ वेताची असते आणि वेताच्या पट्ट्यांमध्ये रबर असते, ती खरादेवर घेऊ नये.

खरादेवर काय घ्यायचे नाही?

फायबर, कार्बन किंवा प्लास्टिक लावलेल्या हॉकी आणि रॅकेट मुळीच नाही. त्यांची बारीक धूळ श्वासाबरोबर छातीत जाते. चिरलेले, वाळवीने पोखरलेले किंवा खिळा राहिलेले लाकूडही नाही. लोहचुंबक फिरवले की लपलेला लोखंडी खिळा सापडतो. चिरलेले लाकूड वेगाने फिरताना फुटून अंगावर येऊ शकते.

पालकांनी निश्चिंत असावे. खराद फक्त जाणकार कारागीरच चालवतील. विद्यार्थी लाकूड ओळखतील, मापे घेतील, आकार कागदावर काढतील आणि यंत्र बंद झाल्यावर पॉलिशपेपर घासतील. पाहणाऱ्यांनीही डोळ्यांवर चष्मा लावावा, ओढणी व केस बांधावेत आणि फिरणाऱ्या लाकडाच्या रेषेत उभे राहू नये. कारागीर नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे कातत जातो, हे नीट पाहा. तसे केल्याने प्रत्येक रेषेला खालच्या रेषेचा आधार मिळतो. आणखी एक गोष्ट : जवसाचे तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात.

तीन ढीग

विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे की, भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी सामानाचे तीन ढीग करू द्यावेत.

पहिला ढीग दुरुस्तीचा. ज्या बॅटीला नवी मूठ बसू शकते, ती कातायची नाही. शोभेच्या वस्तूपेक्षा एका मुलाला खेळायला मिळालेली बॅट मोठी.

दुसरा ढीग जपण्याचा. ज्या वस्तूवर संघाचे, खेळाडूचे किंवा वर्षाचे नाव आहे, ती कितीही मोडकी असली तरी तशीच राहील. आपले शहर हॉकीचे आहे. १९३२ आणि १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातील कॅप्टन रूपसिंह ग्वाल्हेरचे. इथले क्रीडांगण त्यांच्याच नावाचे आहे. त्यांच्या काळात हॉकी लाकडाचीच असे. आज मोठ्या सामन्यांत ती दिसत नाही. आपल्या खोलीतल्या चार-सहा हॉकी गेल्या, तर पुढच्या मुलांना ती हातात घेऊन पाहता येणार नाही.

तिसरा ढीग खरादेचा. त्यातून झालेल्या लाटण्यांची आणि भोवऱ्यांची विक्री वार्षिक संमेलनात करावी व त्या पैशांतून नवे चेंडू घ्यावेत, असे मला वाटते.

करून पाहा

१) घरातील तीन कातीव वस्तू शोधा. लाटणे, रवी, पाळण्याचे खांब, काहीही चालेल. प्रत्येकीचे लाकूड कोणते, हे आजी-आजोबांना विचारा.

२) एक स्टंप मोजा आणि त्यातून कमीत कमी लाकूड वाया जाईल असा आराखडा काढा.

३) बॅटीसाठी विलो आणि हॉकीसाठी तुती का निवडली असेल? पाच ओळी लिहा.

ज्या पालकांच्या घरी किंवा ओळखीत खरादीचे काम होते, त्यांनी कार्यालयात अवश्य नाव कळवावे. एक तास त्यांचे काम पाहून मुले जे शिकतील, ते मला फळ्यावर शिकवता येणार नाही.

— मुख्याध्यापक