समितीत बसलीस, आता ऐक

अगं, काल फोनवर तू कामांची यादी वाचून दाखवलीस आणि शेवटी म्हणालीस, "ताई, सगळीच कामं चांगली आहेत, मी कुणाला नाही म्हणू?" तेवढ्यात तुझ्या सासूबाईंनी हाक मारली आणि बोलणं अर्धवट राहिलं. आमच्या गावी, चाकणच्या पलीकडे, अशाच समितीत मी बसलेली आहे. म्हणून मनातलं मोकळेपणाने लिहिते. जेवणं उरकली की निवांत वाच.

आधी मनावरचं ओझं उतरव. तुमची ग्रामविकास समिती पैसे वाटत नाही, शिफारस करते. मान्यता द्यायची ती ग्रामसभेने. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाने तो अधिकार तिला दिलाय. पण म्हणून समिती नावापुरती आहे असं समजू नकोस. ग्रामसभेत अंदाजपत्रक उघडून कोण बघतं? समितीने पुढे ठेवलेल्या यादीला हात वर होतात आणि यादीत नसलेलं काम तिथे क्वचितच निघतं. म्हणजे खरी निवड तुमच्या बैठकीतच होते, आणि तिथे तू बोलायला हवंस.

जुनं किती, देखणं किती, लोकांची माया किती, यावर निवड व्हावी असं मलाही वाटतं. पण बैठकीत पहिला प्रश्न येतो तो, "हे काम कोणत्या हेडखाली बसतं?" ग्रामसेवक भाऊसाहेब हेच विचारणार, आणि त्यांचंही बरोबर आहे, कारण लेखापरीक्षणात उत्तर त्यांना द्यायचं असतं. पंधराव्या वित्त आयोगाचं उदाहरण घे. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांच्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित होती: पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि स्वच्छता एवढ्यासाठीच. उरलेली ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे. आता तुझ्या यादीतली ती जुनी विहीर बघ. गाळ काढायचा, ढासळलेला कठडा सावरायचा, शेजारच्या शाळेच्या छतावरचं पाणी गाळून तिच्यात सोडायचं. हे काम 'वारसा जतन' म्हणून नेलंस तर भाऊसाहेब मान हलवतील. 'विहीर दुरुस्ती व पुनर्भरण' म्हणून नेलंस तर बंधित निधीतच त्याला जागा निघते. यात खोटं काहीच नाही, विहीर खरोखर पाणी धरणार आहे. मात्र आयोग बदलला की टक्केवारी आणि अटी बदलतात. चालू वर्षाचं परिपत्रक मागून घे आणि स्वतः वाच, कुणाच्या तोंडी माहितीवर विसंबू नकोस.

दीपमाळ, वीरगळ, जुनी तालीम यांना असा आयता हेड मिळत नाही. त्यांच्यासाठी उरतो तो अबंधित निधी आणि पंचायतीचा स्वनिधी, म्हणजे घरपट्टी वगैरेंतून येणारा पैसा. स्वनिधीतले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवलेले असतात. देवळाच्या रंगासाठी यातली रक्कम वळवायची सूचना कुणी केली, तर तिथल्या तिथे हरकत घे आणि ती इतिवृत्तात लिहून घ्यायला लाव. कितीही जुनी वास्तू असो, ती कुणाच्या हक्काच्या पैशावर उभी राहायला नको.

दुसरी गोष्ट जागेची. इथे भलीभली कामं अडतात. गाव ज्या विहिरीला आपली म्हणतं, ती सातबाऱ्यावर बहुतेक वेळा एखाद्या खातेदाराच्या गटात निघते आणि इतर हक्कांत आठ-दहा जणांचे पाण्याचे हिस्से असतात. तुमच्याकडे माणला तर आणखी गुंता. हिंजवडी आयटी पार्कचा तिसरा टप्पा माणच्या जमिनीवर उभा राहिला, मेट्रोचा कारशेड माणलाच आहे, मग एखादा ओटा किंवा पार संपादनाच्या हद्दीत गेलाय का, हे मोजणी नकाशावर बघावं लागतं. गेला असेल तर एमआयडीसीचं किंवा पीएमआरडीएचं ना-हरकत पत्र लागेल. देऊळ ट्रस्टचं असेल तर धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदी आणि विश्वस्तांचा ठराव. खातेदार हयात असताना, भाऊबंदकी नसताना, संमतीपत्र दोन दिवसांत मिळतं. वाटण्यांचा दावा उभा राहिला की वर्षं जातात. म्हणून मी तर म्हणते, समितीने आधी कागद बघावेत. ज्याचे कागद पुरे आहेत ते काम या वर्षी, ज्याचे अपुरे आहेत त्याची या वर्षी फक्त नोंद. हे नाकारणं नव्हे, त्यामुळे कुणाचं मनही दुखत नाही.

नोंदीवरून आठवलं. चाकणचा संग्रामदुर्ग घे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्ताखानाच्या फौजेसमोर तो लढवला, त्याला इतिहास आहे, नाव आहे. गावच्या पाराला, वीरगळाला, विहिरीला असं लढणारं कुणी नसतं. केंद्राच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत नाही, राज्याच्या यादीत नाही, त्यामुळे रस्ता रुंद करताना जेसीबीचा चालक कुणाला विचारत नाही. त्यांचा एकच राखणदार, तो म्हणजे ग्रामसभेचा ठराव आणि पंचायतीच्या मालमत्तेच्या नोंदवहीतली ओळ. पैसा मिळो न मिळो, ही ओळ आधी पाडून घे.

आता जे सांगते ते नीट ऐक, कारण यात पैसा मिळूनही नुकसान होतं. तू कधी वीरगळ जवळून पाहिलायस का? उभा दगड, त्यात एकावर एक कोरलेले चौकोन. खालच्यात वीर लढताना पडलेला, कधी शेजारी गाई, म्हणजे गोधन सोडवताना गेलेला. मधल्यात अप्सरा त्याला वर नेताहेत. वरच्यात तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, त्याची कीर्ती ते आहेत तोवर राहील म्हणून. आता यावर गावाने प्रेमाने ऑइल पेंटचे दोन हात दिले की काय होतं? अप्सरेचं बोट, घोड्याचा लगाम, ढालीची नक्षी, सगळं रंगाखाली बुजतं. दगडातली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर कोरीव कामही सुटतं. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलं तरी हेच. चुना ओल सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं, आणि आतल्या दरजांमधला चुना भुसभुशीत होत जातो. बाहेरून भिंत नवीकोरी दिसत असते.

यात अभियंत्याचा दोष नाही गं. पंचायत समितीच्या शाखा अभियंत्याच्या हाताखालून रोज काय जातं? काँक्रीटचा रस्ता, पेव्हर ब्लॉक, शाळेची खोली. त्याच सवयीने तो विहिरीचं अंदाजपत्रक करतो आणि मग समिती, ग्रामसभा, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, सगळं त्या एका कागदामागे चालतं. ठेकेदार अंदाजपत्रकात लिहिलेलंच करणार, कारण मोजमाप पुस्तकात तेच नोंदवायचं असतं. म्हणून बदल करायचा तो इथेच, कागद वर जाण्याआधी. पुरातत्त्व खात्याच्या पुणे कार्यालयाला पंचायतीच्या लेटरहेडवर पत्र टाका, इंटॅक या वारसा जतन संस्थेच्या पुणे केंद्राला विचारा, चुन्याचं काम जाणणारा वास्तुरचनाकार एकदा तरी जागेवर आणा. त्याचं म्हणणं अंदाजपत्रकाला जोडा. आमच्या समितीत मी एवढाच हट्ट धरते: दगडाचं किंवा चुन्याचं काम असेल तर जाणकाराच्या शेऱ्याशिवाय शिफारस नाही. तूही धर. पैशाअभावी पडून राहिलेला वीरगळ पन्नास वर्षांनीही वाचवता येतो. रंगवलेला आणि घासलेला परत मिळत नाही.

यादीतल्या देवळाच्या सभामंडपाचं कसं करायचं, हे तू दोनदा विचारलंस. मंडपाला विरोध करू नकोस. गावाला जेवणावळीला, कीर्तनाला छप्पर लागतं, ती गरज खरी आहे. तू फक्त विचार, की जुनं देऊळ न पाडता, त्याच्या दगडाला खांब न टेकवता मंडप बाजूला घेता येईल का. बऱ्याचदा येतो. आणि हे समितीत एकटीने बोलण्यापेक्षा महिला सभेत बोल. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असं कायदाच सांगतो, पण किती ठिकाणी ती नुसत्या सह्यांवर उरकतात! तू ती खरी भरव. तिथला ठराव ग्रामसभेपुढे जातो, मग ते तुझं एकटीचं म्हणणं राहत नाही.

गणपूर्तीवरही लक्ष ठेव. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती नसली की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. नको ते ठराव तिथेच होऊन जातात. तुमच्या नव्या सोसायट्यांमध्ये हजारो माणसं राहायला आलीत. ज्यांचं नाव गावच्या मतदार यादीत आहे, ती सगळी ग्रामसभेची सदस्य आहेत आणि कित्येकांना ते माहीतही नसतं. त्यांना बोलव. त्यांच्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर असतील, मोजणी करून नकाशा काढणारी पोरं असतील. गाव आपलं आहे असं त्यांना वाटावं, तर गावाने आधी त्यांना हाक मारायला हवी.

कंपन्यांचा सीएसआर निधी दारात आहे, तो सोडू नका. २०१३च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्चायची आहे, आणि त्याच्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक वास्तूंचं जतन स्पष्ट लिहिलंय. कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही त्यात आहे. मात्र मार्चअखेरीला घाईने आलेला प्रस्ताव डोळे मिटून घेऊ नका. दोन महिन्यांत उरकायचं म्हणून मग टाइल्सच बसतात. करारात कामाची पद्धत लिहून घ्या, पुढची तीन वर्षं देखभाल कोण करणार ते लिहून घ्या, आणि कंपनीच्या पाटीची जागाही ठरवून घ्या.

मी एकदा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याची पद्धत वाचली होती. तिथे २०००च्या कायद्याने गावांना स्वतःच्या मतदानाने घरपट्टीवर ३ टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. ती रक्कम ऐतिहासिक वास्तू, मोकळ्या जागा आणि परवडणारी घरं यांवर जाते, प्रत्येकावर दरवर्षी निदान १० टक्के खर्च करायची किंवा त्यासाठी राखून ठेवायची. पाच ते नऊ जणांची समिती शिफारस करते आणि गावची सभा ती मान्य करते, कमी करते किंवा फेटाळते. वाढवू मात्र शकत नाही. मला त्यातली १० टक्क्यांची अट फार आवडली. जुन्या वास्तूंचा वाटा आधीच बाजूला निघाला, तर त्यांना दरवर्षी गटाराशी आणि रस्त्याशी भांडावं लागत नाही. स्वनिधीतून असा छोटा वाटा ठेवण्याचा ठराव माणच्या ग्रामसभेलाही करता येईल. मांडून बघ.

आणि कोणतंही काम मान्य करताना शेवटी एक विचारच: नंतर सांभाळणार कोण? तुमच्या शेजारी हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं बगाड बघ. एवढे टॉवर झाले, तरी चैत्रात ते निघतं, कारण मान कुणाचा आणि काम कुणाचं हे घराघरांत ठरलेलं आहे. जुन्या विहिरी वाचवणाऱ्या महाराष्ट्र बारव मोहिमेतही जिथे गावकऱ्यांनी स्वतः गाळ उपसला आणि महाशिवरात्रीला दिवे लावायला सुरुवात केली, तिथे जाग राहिली. ज्या कामामागे एखादं मंडळ, बचत गट किंवा शाळा लेखी उभी आहे, त्याला मी डोळे झाकून जास्त गुण देते.

वेळ मात्र फार नाही. हिंजवडी, माण, मारुंजीसह सात गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायची चर्चा २०१५ पासून आहे. त्यात बरं काय, वाईट काय, हा वेगळा विषय. पण महापालिकेत ग्रामसभा नसते, आणि नोंदवहीत जे असेल तेच पुढे हस्तांतरित होईल. पुढच्या वर्षाचा आराखडा २ ऑक्टोबरच्या सुमारास हातात घेतात. त्याआधी विहिरीचा सातबारा काढ, वीरगळांचे चारही बाजूंनी फोटो घे आणि महिला सभेची तारीख भाऊसाहेबांकडून लेखी माग. तारीख कळली की मला कळव, मी त्या दिवशी माणला येते.