कुंपणाच्या आत: तेलविहिरीवर निघालेल्या भाच्याला

भाचेबुवा, वडोदऱ्याहून साइटवर निघालास, हेल्मेट घालून फोटोही काढून झाला. म्हणजे निम्मी नोकरी झालीच, असं तुला वाटत असणार. 1958 मध्ये खंभातजवळ लुणेजला तेल लागलं, 1960 मध्ये अंकलेश्वरला, आणि आपल्या गावातल्या मराठी घरांतही तेलाचा पगार येऊ लागला. पण ते तेल कुणाच्या तरी कपाशी-तुरीखालून येतं, हे विसरायचं नाही. माझं सांगणं एवढंच, की तेल आणि खारं पाणी कुंपणाच्या आत राहिलं पाहिजे. बाकीचा तपशील खाली दिलाय, सावकाश वाच.

1. ड्युटीवर पोचलास की चहाआधी सेलर बघ — विहिरीच्या तोंडाभोवतीच्या त्या चौकोनी खड्ड्यात काय साठलंय, त्यावरून रात्रपाळीत काय झालं ते कळतं. रात्रपाळीवाले सांगोत न सांगोत.

2. पंपाच्या स्टफिंग बॉक्सचं (हलत्या दांड्याभोवतीच्या सीलचं) पॅकिंग झिजलं की त्याच दिवशी बदल, नुसतं आवळत बसू नकोस — सेकंदाला एक थेंब म्हटला तरी दिवसाला तीन-चार लिटर होतात. थेंबाला हसला, तो पिंपाला रडला.

3. जनरेटर आणि डिझेलच्या पिंपांखाली ट्रे हवाच, आणि तो रोज रिकामा करायचा — भरलेला ट्रे पावसाच्या पहिल्या सरीला जमिनीवर सांडतो. जळकं तेल परवानाधारक रिसायकलरलाच द्यायचं, गावातल्या ओळखीच्या माणसाला नाही.

4. मड पिटच्या, म्हणजे ड्रिलिंगच्या चिखलाच्या खड्ड्याच्या, काठाने स्वतः एक फेरी मार आणि प्लास्टिक लाइनरचे सांधे-कोपरे बघ — होज जिथे घासतो तिथेच तो फाटतो, आणि ऑफिसात बसून ते दिसत नाही.

5. पिट काठोकाठ भरू देऊ नकोस, हातभर जागा मोकळी ठेव — इकडचा पाऊस जूनच्या मध्याला येतो आणि येताना विचारत नाही. आभाळाला गेट पास लागत नाही, बाबा!

6. मे महिन्यातच चर साफ करून घे. बाहेरचं पावसाचं पाणी बाहेरून वळव आणि साइटवरचं तेलकट पाणी पिटात ने — दोन्ही एकत्र झाली, तर स्वच्छ पाण्याचीही सफाई तुझ्याच गळ्यात.

7. तेलाबरोबर वर येणाऱ्या खाऱ्या पाण्याला तेलाहून जास्त भी — तेल मातीतले जिवाणू हळूहळू खातात, मीठ कुणी खात नाही. काळ्या जमिनीत ते मुरलं की माती चिकटते, पाणी झिरपत नाही आणि पीक उठत नाही.

8. खाऱ्या पाण्याचा टँकर निघाला किती वाजता आणि ट्रीटमेंट प्लांटवर रिकामा झाला किती वाजता, दोन्ही वेळा वहीत मांड — ड्रायव्हर भला माणूसच असतो, पण वही असली की त्याला भलं राहणं सोपं जातं.

9. इकडच्या काही विहिरींचं तेल मेणाळ असतं, जानेवारीत तुपासारखं थिजतं. लाइन तुंबली तर गरम कर, दाब वाढवत नेऊ नकोस — सांधा सुटतो तो बरोबर कुणाच्या तरी उभ्या पिकात.

10. बाहेरच्या केसिंगचा, म्हणजे विहिरीच्या पोलादी अस्तराचा, गेज रोज वाच, काटा हलला नसला तरी लिही — तिथे दाब दिसला तर आत कुठेतरी गळती असू शकते, आणि वरच्या थरात गावाच्या बोअरचं गोडं पाणी आहे.

11. पाइप वर काढताना मडच्या, म्हणजे खालचा गॅस दाबून धरणाऱ्या चिखलाच्या, पातळीवरून नजर हलवू नकोस, फोन आला तरी — आसामात बाघजानला वर्कओव्हर (विहिरीची दुरुस्ती) चालू असताना 27 मे 2020 ला विहीर उसळली, 9 जूनला पेटली आणि नोव्हेंबरात शांत झाली. शेजारी मागुरी-मोटापुंग बील (पाणथळ तळं) होतं, पक्ष्यांचं माहेरघर.

12. फ्लेअर (जादा गॅस जाळणारी ज्योत) विझला तर लगेच पेटव, गॅस तसाच सोडू नकोस — न जळलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट हवा तापवतो. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो माफ होत नाही.

13. तेलकट पाण्याच्या पिटवर जाळी घाल — पाखरांना वरून ते तळंच वाटतं, आणि पंख एकदा माखले की उडणं संपलं.

14. साइट आखताना वरची वीतभर माती वेगळी रचून ठेव आणि जाताना सगळ्यात शेवटी पसर — शेतकऱ्याची कमाई त्या वीतभर मातीतच असते.

15. सांडलंच, तर आधी वाल्व्ह बंद, मग मातीचा बांध, मग साहेबांना फोन. वर माती ढकलून झाकू नकोस — झाकलेलं तेल पहिल्या नांगराला सापडतं. वेळेत कळलं तर टेरी या संशोधन संस्थेने तयार केलेल्या ऑइलझॅपर जिवाणूंसारखे उपाय करता येतात.

16. बांधावरच्या काकांशी आठवड्यातून एकदा बस, गुजरातीतच बोल, त्यांनी दिलेला चहा घे — विहिरीचं पाणी मचूळ लागतंय की म्हशीने तोंड फिरवलं, हे त्यांना तुझ्या लॅबच्या आधी कळतं. आधी राम राम, मग काम.

17. साइट सोडताना काँक्रीटचे अँकर, तारा, रबराचे तुकडे काढलेत का, ते नांगराच्या खोलीपर्यंत बघून घे — नांगर तुटला की शिव्या कंपनीला नाही, शेवटच्या दिसलेल्या माणसाला पडतात, आणि तो तू असणार.

यातलं निम्मं पाळलंस तरी मामा खूश. उरलेलं निम्मं पहिला पाऊस शिकवेल, पण त्याची फी जबर असते.